परत बघ

पहिल्यांदा ते कार्ड लाल टोपलीत पडलं तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. कार्डवाली तर हसलीसुद्धा. मीही हसले, कारण ठमीचा हात असाच आहे, नेम धरते एकीकडे आणि जातो भलतीकडे, आणि आम्ही सगळे त्या हाताला इतके सरावलोय की हात जिथं गेला तिथंच तिला जायचं असेल, असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. टेबलावर दोन टोपल्या होत्या. निळी म्हणजे हवं, लाल म्हणजे नको. कार्डं म्हणजे ठमीचेच फोटो, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले: चमच्यानं खाताना, केस विंचरून घेताना, बटणाच्या खुर्चीत बसलेली, आणि हे एक, दोन लोखंडी दांड्यांच्या मधे उभी, मागून बापाचे हात तिच्या बगलेत. चालण्याचं कार्ड. ते लाल टोपलीत पडलं, फोटोची बाजू वर, आणि फोटोतली ठमी छताकडे बघत राहिली.

ठमीच्या थेरपी केंद्रात हा नवा नियम निघाला होता. मुलांनी काय शिकायचं ते मुलांनीच ठरवायचं. इतकी वर्षं आम्ही ठरवत होतो, म्हणजे मी, तिचे बाबा आणि त्या त्या वेळी जी थेरपिस्ट असेल ती. ठमी बाजूला खुर्चीत असायची आणि आम्ही तिच्या डोक्यावरून बोलायचो, अगदी शब्दशः डोक्यावरून, कारण तिची मान खालीच असायची. मग ही नवी आली. पोरसवदा, केस कानाच्या वर कापलेले, हातात सदा कार्डांचा गठ्ठा. मी मनातल्या मनात तिला कार्डवाली म्हणते. ती मला आई म्हणते. आई, तुम्ही मागं बसा. आई, मधे बोलायचं नाही हं. मी काय तुझी आई आहे का, असं अगदी जिभेच्या टोकावर येतं, पण आपलं पोर तिच्या हातात, मग अडला हरी म्हणतात तशी मी मुकाट मागं बसते. तिच्यावर राग धरावा अशी ती नाहीच. हाडांच्या डॉक्टरांना ऑपरेशनसाठी तिनंच पटवलं. ठमीच्या गुडघ्यामागच्या आणि टाचांच्या शिरा सैल करायच्या, खुब्याचं हाड सरळ बसवायचं, असं मोठं ऑपरेशन ठरत होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात केलं तर केलं, पुढं हाडं ऐकत नाहीत. आणि म्हणाले, प्लास्टर निघाल्यावरची मेहनत मला करायची नाही, तुम्हालाही नाही, तिला करायचीय, तेव्हा तिनं स्वतः चालणं निवडलं तरच मी सुरी लावीन. मला केवढा भला माणूस वाटला तो. ठमीच्या बाबांनी त्यांचा हात हातात घेतला होता. विचारायला आमची कुणाचीच हरकत नव्हती. विचारायचं म्हणजे तिला हो म्हणायची संधी द्यायची, एवढंच आम्हाला वाटत होतं.

ठमी आता तेरा वर्षांची आहे. जन्मताना मेंदूला हवा कमी पडली, तेव्हापासून अंग ताठ, बोलणं नाही, ऐकू मात्र सगळं येतं, आपल्याला नको ते आधी. लहानपणी गुबगुबीत होती, ठेवलेल्या जागी ठेवल्यासारखी बसून राहायची, म्हणून ठमी. समज वयापेक्षा कमी आहे असं फायलीत लिहिलंय. मी म्हणते समज आहे तेवढी आहे, हिशोब तुमचा चुकतो. तिला हो म्हणायचं असलं की ती खुर्चीच्या फळीवर तळहात आपटते. थाप जोरदार पडते, शेजाऱ्यांना कळतं आमच्याकडे कुणाला काहीतरी हवंय. नाही म्हणायचं असलं की मान वळवते, भिंतीकडे. म्हणजे हो ला आवाज आहे आणि नाहीला नाही. तुम्ही पाठमोरे असाल, मशीनवर शिवत बसला असाल, तर तिचं नाही तुमच्यापर्यंत पोचतच नाही. तुम्हाला वाटतं अजून उत्तर यायचंय, म्हणून तुम्ही पुन्हा विचारता. हे मला त्या दिवशीपर्यंत सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी मी मशीन थांबवून मागं वळले असते की नाही, देव जाणे.

तर कार्ड लाल टोपलीत पडलं आणि कार्डवालीनं टोपल्यांच्या जागा बदलल्या. ही त्यांची पद्धत आहे. मुलांच्या हाताला एका बाजूची सवय असते, त्यामुळे पहिलं उत्तर खरं धरायचं नाही. टोपल्या इकडच्या तिकडे करायच्या आणि तेच कार्ड परत द्यायचं. दोन्ही वेळेला एकाच रंगात पडलं तर ते उत्तर पक्कं. तिनं ठमीच्या मुठीत कार्ड सरकवलं. ठमीनं मान उचलली. ती मान उचलणं म्हणजे काय काम असतं ते बघणाऱ्याला कळायचं नाही. मानेची शीर दोरीसारखी वर येते, ओठ एका बाजूला ओढला जातो. तिनं टोपल्या बघितल्या. मग हात सगळं टेबल ओलांडून पलीकडे गेला, वाटेत पाण्याची बाटली आडवी झाली, आणि कार्ड पुन्हा लाल टोपलीत. या वेळी ते पडलं नव्हतं, टाकलं होतं. मला राग आला. दुःख नाही, काळजी नाही, सरळ राग. कुणासाठी, म्हटलं, कुणासाठी हे सगळं केलं ग मी. माझी कंबर गेली ती कुणाला उचलून. तेरा वर्षांच्या मुलीवर असा राग यावा याची लाज पुढच्या क्षणाला वाटली, पण राग आधी आला.

आमच्या घरात पुढच्या खोलीत दांडे आहेत. ठमीचे बाबा वेल्डर. ती अगदी लहान असताना त्यांनी कारखान्यातून पाइप आणले, एका रविवारी घरातच ठिणग्या उडवल्या आणि स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत दोन समांतर दांडे ठोकले. पाहुणा आला की त्याला वाकून सोफ्यावर जावं लागतं. ठमी वाढली तसे दांडे वर सरकले. जमिनीत जुनी भोकं दिसतात, एकाशेजारी एक, सिमेंटनं बुजवलेली. रोज कामावरून आले की हात धुऊन आधी तिला उभी करतात. चल राजा, चल, एक पाऊल. तिचे गुडघे एकमेकांवर घासतात, टाच टेकत नाही, घाम वाहतो, आणि ते मागून अर्धी ठमी स्वतःच उचलून नेत असतात, पण खिडकीशी पोचले की म्हणतात, आज स्वतः गेली बघ. मी मान डोलावते. एकदा ऑपरेशन झालं होतं आधी, सहा-सात वर्षांची असताना. कमरेपासून पावलांपर्यंत प्लास्टर, पाय फाकवून मधे आडवी काठी. रडताना तिचा आवाज निघत नसे, नुसते डोळे भरून कानात ओघळायचे, आणि मी विणकामाची सुई प्लास्टरच्या आत घालून जिथं जिथं खाज असेल असं वाटे तिथं खाजवायची. कुठं खाजतंय हे तिला सांगता येत नव्हतं. मी अंदाजानं खाजवत बसायची, आणि मधूनच तिचे डोळे मिटायचे, म्हणजे सापडलं. प्लास्टर निघाल्यावर दांड्यात उभी केली तेव्हा दोन महिने ती बरी उभी राहिली. मग वाढली आणि शिरा पुन्हा आखडल्या. त्या दोन महिन्यांवर तिचे बाबा आजवर जगलेत.

"फोटो जुना आहे," ठमीचे बाबा म्हणाले. इतका वेळ ते भिंतीला टेकून उभे होते. "त्यात केस बारीक आहेत तिचे. तिला वाटलं असेल दुसरी कुणी मुलगी. चालणं कसं नको म्हणेल ती?" कार्डवाली म्हणाली, "बाबा, दोन्ही वेळा..." पण त्यांनी मोबाइलमधला नवा फोटो काढून पुढं धरलाच होता. नवीन आहे बिचारी. असा बाप समोर हात जोडल्यासारखा उभा राहिला की पद्धत कुठवर धरून ठेवणार. तिनं मोबाइलच ठमीसमोर धरला आणि विचारलं. ठमीनं मान वळवली. खिडकीकडे नाही, भिंतीकडे. त्या भिंतीवर काहीही नव्हतं. निळ्या टोपलीत तोवर एकच कार्ड होतं, बटणाच्या खुर्चीचं. ती खुर्ची केंद्रातली आहे, बोटानं बटण ढकललं की चालते. मागच्या महिन्यात ठमीला त्यात बसवून बघितलं होतं. दोन-तीनदा भिंतीला धडकली आणि मग लांबच्या लांब पॅसेजमधून जी निघाली ती थेट शेवटापर्यंत गेली. तिथं खिडकी आहे, खाली नुसतं पार्किंग दिसतं. तिथं ती आमच्याकडे पाठ करून बसली. मी हाक मारली. मग बाबांनी मारली. ती आली नाही. जन्मात पहिल्यांदा माझी मुलगी माझ्यापासून लांब गेली होती, स्वतःच्या मनानं, आणि हाक ऐकून न ऐकल्यासारखं करत होती, कुठल्याही मुलीसारखं. माझे डोळे भरून आले. सगळे म्हणाले, आनंदाश्रू. मी म्हटलं, हो.

मग डॉक्टर आत आले, राउंड संपवून, उभ्याउभ्याच. "काय म्हणतेय आपली हिरॉइन?" कार्डवालीनं सांगायला तोंड उघडलं तर ठमीचे बाबा म्हणाले, "जरा गोंधळलीय डॉक्टर, परत विचारतोय." डॉक्टर वाकले, टेबलावरचं चालण्याचं कार्ड स्वतःच्या हातानं तिच्या मुठीत दिलं आणि म्हणाले, "घाई नाही. नीट विचार करून सांग. परत बघ." ठमीनं त्यांच्याकडे बघितलं. मग बाबांकडे. कार्डवालीकडे. मान डगडगत होती पण एकेकावर ती थांबत होती, आणि सगळ्यात शेवटी माझ्यावर थांबली. मला ती नजर ओळखीची वाटली, कुठली ते आठवेना. मग तिचा हात उठला, कुठंही न अडखळता गेला आणि कार्ड निळ्या टोपलीत पडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथं रीतच आहे, मुलानं काही बरोबर केलं की टाळ्या वाजवायच्या. डॉक्टरही वाजवत होते. ठमीच्या बाबांनी तिच्या डोक्यावर तोंड टेकवलं. कार्डवालीची टाळी तेवढी जरा उशिरा आली. मीही वाजवली. हात आपोआप वाजले.

ती नजर मला गाडीत आठवली. ठमीची खुर्ची मागं पट्ट्यांनी आवळलेली, मी शेजारी तिचं डोकं धरून, तिचे बाबा पुढं ड्रायव्हरला ऑपरेशनचं सांगत होते, त्यानं न विचारता. आणि मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. लहानपणी मी तिला रंग शिकवायची. टेबलावर दोन बाटल्यांची झाकणं ठेवायची. लाल कुठलं, ठमे? ती बघायची, हात टाकायची. चुकलं असं मी कधी म्हटलं नाही, मनाला लागतं मुलांच्या, असं आधीच्या थेरपिस्ट बाईनं सांगितलं होतं. चुकलं म्हणायचं नाही. म्हणायचं, परत बघ. ती परत बघायची. दुसऱ्या झाकणावर हात टाकायची. मग टाळ्या. आकार, प्राणी, आकडे, वर्षानुवर्षं हेच. सगळ्या बायांनी तेच केलं, बाबांनी तेच केलं. बरोबर आलेलं उत्तर कधी कुणी परत विचारत नाही. परत विचारलं म्हणजे उत्तर चुकलं, हात दुसरीकडे टाकायचा; एवढं एक ती सगळ्यांकडून पक्कं शिकली. माझी मुलगी मठ्ठ नाही. तिनं आज परीक्षा दिली आणि पास झाली. आम्ही विचारत राहिलो, ती बिचारी दर वेळेला आमच्या तोंडाकडे बघत राहिली की आता थांबतील, आता थांबतील. काच खाली करा म्हटलं तर ड्रायव्हर म्हणाला, काच बिघडलीय.

घरी आल्यावर ठमीला आतल्या खोलीत खिडकीशी लावली आणि मी पुढच्या खोलीत मशीनवर बसले. मी कपडे आल्टर करते. कुणाची तरी पँट होती, कंबर सैल करायची होती. उसवायला घेतली पण हात चालेना. ठमीचे बाबा दांड्यांचे नट तपासत होते, गुणगुणत. प्लास्टरनंतर दांडे थोडे जवळ घ्यावे लागतील, म्हणाले, खांद्यांवर भार कमी येईल. "उद्या सकाळी फोन करून तारीख घेतो. गरम तव्यावरच पोळी भाजावी."

"अहो," मी म्हटलं, "ती नको म्हणाली होती."

"कोण?"

"ठमी. दोनदा लालमधे टाकलं. तिसऱ्यांदा मान वळवली. तुम्ही होतात की तिथंच."

पाना हातात तसाच धरून ते माझ्याकडे वळले. चिडले नाहीत, चिडत नाहीत ते कधी, तीच पंचाईत आहे. "अगं, पण शेवटी निळ्यात टाकलंच ना? माणूस आधी घाबरतो, मग विचार करतो, मग खरं बोलतो. शेवटचं तेच खरं."

"आपण थांबत नाही म्हणून टाकलं तिनं. परत विचारलं की चुकलं, एवढंच कळतं तिला. आपणच शिकवलंय."

"म्हणजे तिला बाकी काही कळत नाही, पण एवढं मात्र कळतं?" ते हसले. "बरोबर आहे, न बोलणाऱ्याच्या तोंडी कुणीही काहीही घालावं." मग पाना खाली ठेवून माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला, त्यांच्या हाताला कायम जळक्या लोखंडाचा वास असतो, आणि लाडानं म्हणाले, "आणि तू तरी कुठं पहिल्या फटक्यात हो म्हणाली होतीस मला?"

हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. सगळे हसतात, मीही हसते. आत्याबाई स्थळ घेऊन आल्या होत्या, मी स्वयंपाकघरात उभी होते. मी नाही म्हटलं. कारण असं काही नव्हतं, मुलगा वाईट नव्हता, मला नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता आणि मला नको होतं, एवढंच. आत्याबाई म्हणाल्या, घाई नको, नीट विचार कर. संध्याकाळी आईनं विचारलं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा आत्याबाई, मग वडील, कधी नव्हे ते माझ्या खोलीच्या दारात येऊन. कुणी रागावलं नाही, कुणी धमकावलं नाही. सगळे मायेनं पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आणि मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग एका दुपारी मी हो म्हटलं आणि घरात असा आनंद झाला की माझं मलाच वाटलं, हेच उत्तर होतं. वाईट झालं असंही म्हणवत नाही. ह्यांनी कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. वीस वर्षं मला कुणी विचारलं असतं तर मी हो, सुखी आहे, असंच म्हटलं असतं. आज मी हसले नाही, तर त्यांचा हात खांद्यावरून जरा सैल झाला.

"नाही चालली ती, तर पुढं काय?" ते हळू बोलले. "तुझी कंबर ही अशी. मी किती दिवस उचलणार? आपण गेल्यावर कोण उचलेल तिला?" मलाही तेच भय आहे. रोज तिला बाथरूममधे नेताना पाठीत कळ येते तेव्हा तेच भय वर येतं. लाल टोपलीतलं कार्ड खरं धरायचं म्हणजे ती कायमची खुर्चीत, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी उद्या तो फोन करू नका म्हणणार, आणि मग जन्मभर दोघांनी एकमेकांकडे बघताना दांड्यांकडे बघायचं टाळायचं. "मग असं करू," ते म्हणाले, "इथं घरात, शांतपणे, मी तिला विचारतो. ना डॉक्टर, ना कार्डं. ती जे म्हणेल ते. मला कबूल, तुला कबूल." आणि ते आत गेले. मी उठायला हवं होतं. मी त्यांना अडवायला हवं होतं, पण मी पँट मांडीवर घेऊन बसून राहिले, कारण, खोटं कशाला बोलू, मलाही ऐकायचं होतं.

"ठमे," आतून त्यांचा आवाज आला. "चालायचंय ना तुला, राजा?"

काही ऐकू आलं नाही. मला न बघता दिसलं, तिनं भिंतीकडे मान वळवली.

"माझ्याकडे बघ. ऐक नीट. चालायचंय ना?"

काही नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. माझी सगळी बोटं त्या कापडात रुतली होती. मी मनात म्हणत होते, नको आपटू ग, आणि त्याच मनात थापेची वाटही बघत होते.

"बाबा धरेल ना. पडू देणार नाही. कधी पडू दिलंय का?" त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता की वेल्डिंगवाल्या माणसाच्या तोंडचा वाटू नये. "बघ, परत बघ माझ्याकडे. चालायचं ना, बाळा?"

फळीवर थाप पडली. एकच, स्वच्छ. मग त्यांच्या टाळ्या ऐकू आल्या, त्या मोठ्या, राठ तळहातांच्या टाळ्या, आणि ते बाहेर आले. डोळे भरून आले होते. दांड्याला धरून उभे राहिले, ती धरते तसे.

"हो म्हणाली," ते म्हणाले. "ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी म्हटलं. "कितव्यांदा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला. आत ठमीची खुर्ची एकदा करकरली. मी परत विचारलं नाही.